बागेतल्या आजी, मिटलेली मूठ आणि माझा गुडघा

धागाकर्ती: वळचण

परवा सांधेदुखीच्या धाग्यावर कुणीतरी 'ताई ची करा' (चीनमधली संथ हालचालींची विद्या) एवढंच लिहून पळ काढला. त्यावर एकाने 'ते हळूहळू हात हलवायचं थोतांड ना?' म्हणून विचारलं, तर दुसऱ्याने 'त्यात वैश्विक ऊर्जा असते' असं ठोकून दिलं. दोन्ही वाचून राहवेना. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

नोकरीनिमित्त मी सहा वर्षं शांघायमध्ये होते. घराजवळ फूशिंग पार्क. १९०९ साली फ्रेंचांनी केलेली बाग, चिनाराची उंच झाडं. सकाळी सहाला तिथे जत्रा असते. एकीकडे जोडीजोडीने नाच, एकीकडे पत्त्यांचे डाव, कुणी पाण्यात बुडवलेल्या लांब कुंचल्याने फरशीवर सुंदर अक्षरं काढतंय आणि ती वाळून जाताना बघतंय. आणि झाडांखाली ताई ची वाल्यांच्या रांगा.

माझी शिक्षिका सत्तरी ओलांडलेली. कापडी बूट, हातात काचेची बाटली, बाटलीत चहाची पानं तरंगत असलेली. शिक्षकांना तिकडे 'लाओशी' म्हणतात, मी मनातल्या मनात आजीच म्हणायचे. पहिला महिनाभर आजीने हातांचं काहीच शिकवलं नाही. हात पाठीमागे बांधायचे आणि चालायचं. पाऊल पुढे टाकायचं, टाच टेकवायची, पण वजन द्यायचं नाही. मध्येच ती आपल्या बुटाने माझं पुढचं पाऊल हळूच ढकलायची. सरकलं तर बरोबर. नाही सरकलं तर मी घाईने वजन टाकलंय, म्हणजे चूक. एक पाय 'भरलेला', एक 'रिकामा', आणि भरलेल्यातलं रिकाम्यात ओतायचं ते तेलाची धार ओतावी तसं. दहा मिनिटांत मांड्या थरथरायच्या. मला वाटलेलं, म्हाताऱ्यांचा व्यायाम आहे, सहज जमेल!

तिसऱ्या महिन्यात हात आले. एका प्रकारात एक हात गुडघ्यासमोरून बाजूला जातो आणि दुसरा तळवा पुढे. मी छान नाचल्यासारखं करत होते. आजी समोर आली आणि काही न बोलता तिने माझ्या पोटाच्या दिशेने सावकाश लाथ आणली. माझा खालचा हात आपोआप तिच्या नडगीला लागून बाहेर गेला, आणि वरचा तळवा तिच्या छातीसमोर जाऊन थांबला. 'हं,' ती म्हणाली, आणि चहा प्यायला गेली. त्या दिवसानंतर माझे खांदे वर चढायचे बंद झाले. मला सांगायचंय ते एवढंच. ही मुळात मारामारीची विद्या आहे, आणि तब्येतीला जो फायदा होतो तो त्या मारामारीमुळेच होतो. हाताला काम नसलं की हात नुसते तरंगतात आणि वजन कुठे आहे याचा पत्ता राहत नाही.

थोडा इतिहास, कारण त्याबद्दल फार भाकडकथा फिरतात. वूदांग डोंगरावरच्या चांग सानफंग नावाच्या ताओपंथी साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहून ही विद्या शोधली, ही कथा गोड आहे, पण कथाच. धागेदोरे खात्रीने मागे नेता येतात ते हनान प्रांतातल्या छनच्याकोउ या खेड्यापर्यंत. छन घराण्याचं गाव. सतराव्या शतकातला छन वांगतिंग हा तिथला मूळ पुरुष मानला जातो. गावाबाहेर विद्या नेली ती यांग लूछान (१७९९–१८७२) याने, छन छांगशिंगकडे शिकून. तो पुढे बीजिंगला गेला आणि 'अजिंक्य यांग' म्हणून गाजला. त्याचा नातू यांग छंगफू याने सगळं मोठं, संथ, एका लयीचं केलं. आज जगभर दिसते ती बहुतेक त्याचीच छाया. १९५६ साली चिनी सरकारच्या क्रीडा खात्याने त्यातून २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला, आणि बागाबागांतून तोच पसरला. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नाव लागलं.

तुमचे अनुभव, शंका, शिव्या येऊ द्या.

मधली_सुट्टी

ताईची? आणि दादाची कधी? (हलके घ्या.)

वळचण

@मधली_सुट्टी, येणार हे माहीत होतं :) पण विनोदावरून एक खरी गंमत सांगते. सगळे समजतात की ताई ची मधला 'ची' म्हणजे ती ऊर्जा. तो नव्हेच! ताई-ची म्हणजे 'परम टोक', यिन-यांगचं ते काळं-पांढरं वर्तुळ ज्याचं चित्र आहे ती कल्पना. ऊर्जेचा किंवा श्वासाचा शब्द वेगळा, त्याचा उच्चार 'छी'. इंग्रजी वाचणाऱ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आपल्याकडे च आणि छ वेगळे आहेत म्हणून आपला गोंधळ व्हायचं कारण नाही, पण आपण इंग्रजीतून उचलतो ना. पूर्ण नावात शेवटी आणखी एक शब्द आहे, 'छ्वेन', म्हणजे मूठ, ठोसा. तो सोयीने गळून पडला आणि मागे उरली ताईची.

आजी दिवसातून शंभर वेळा म्हणायची तो शब्द 'सोंग'. म्हणजे सैल सोड, पण कोसळू नकोस. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी सोंग करतेय हे हिला कसं कळलं!

उभा_दावा

लेख चांगला. पण 'मारामारीची विद्या' हे जरा जपून. २०१७ च्या एप्रिलमध्ये शू श्याओतोंग या मिश्र मार्शल आर्टवाल्याने वेइ लेइ नावाच्या ताई ची 'गुरू'ला अर्ध्या मिनिटाच्या आत आडवा केला. सगळ्या जगाने पाहिलं. त्याआधी १९५४ ला मकावमध्ये वू घराण्याचा वू गोंगयी आणि श्वेत बगळा शैलीचा छान हाकफू यांची जाहीर लढत झाली, तिचंही चित्रण उपलब्ध आहे. दोन शाळकरी पोरं दप्तरावरून भांडावीत तसे हात फिरवताहेत. निकालसुद्धा दिला नाही पंचांनी.

आणि आरोग्याचं म्हणाल तर तुमचा तो यांग छंगफू, १८८३ चा जन्म, १९३६ ला गेला. जेमतेम पन्नाशी ओलांडली. फोटो बघा, देह केवढा होता ते. ज्याने हे जगाला दिलं त्यालाच पुरलं नाही.

वळचण

@उभा_दावा, लढतीबद्दल वाद घालणार नाही. जे फक्त क्रम करतात आणि कधी कुणाचा खरा ठोसा खात नाहीत त्यांना लढता येत नाही, यात नवल काय? सरावात समोर माणूसच नसेल तर विद्या पोकळ होते, हे माझंही म्हणणं आहेच. मी पन्नाशीची बाई आहे, मला कुणाला आडवं करायचं नाहीये. पण हात कशासाठी फिरतोय ते कळल्याशिवाय तो नीट फिरत नाही.

यांगचं म्हणाल तर एका माणसाच्या आयुष्यावरून काय ठरवायचं? शिंगयी, बाग्वा आणि ताई ची तिन्ही शिकून तिन्हींवर पुस्तकं लिहिणारा सुन लूतांग (१८६०–१९३३) सत्तरी ओलांडून जगला. म्हणून मी तो पुरावा म्हणून मांडत नाही. त्यासाठी अभ्यास आहेत, पण ते सांगायला कुणीतरी अधिकारी माणूस हवं.

ठिपक्यांची_चादर

मी भौतिकोपचार करते (फिजिओ), तेव्हा अधिकार म्हणा नाहीतर खाज म्हणा.

'छी' बाजूला ठेवू, ती मला मोजता येत नाही. वजन मात्र मोजता येतं. आपण रोज चालतो तेव्हा एका पायावर क्षणभरच असतो, वेगाच्या जोरावर तोल सावरला जातो. हळू केलं की वेगाची मदत जाते, आणि घोटा, खुबा, कमरेचे बारीक स्नायू यांना पूर्ण काम करावं लागतं. सायकल हळू चालवून बघा, तसंच. वय वाढलं की माणूस पडतो तो मुख्यतः वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना. ताई चीमध्ये तेवढाच भाग उचलून तासभर घोटतात. वळचण यांच्या आजीने महिनाभर चालायला लावलं, ते मी असते तरी केलं असतं.

आता अभ्यास. २०१८ मध्ये अमेरिकेत ऑरेगनच्या फूचोंग ली यांच्या गटाने सत्तरीच्या पुढच्या ६७० जणांवर चाचणी केली. सगळे आधी पडलेले किंवा चालताना अडखळणारे. सहा महिन्यांत ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण नुसतं ताणणं करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्के कमी. आणि तोल-ताकद-चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्के कमी. हा दुसरा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तुलना आळशांशी नव्हती.

याच संशोधकाचा २०१२ चा अभ्यास पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर. तोल सांभाळण्यात ताई ची वजनांचा व्यायाम आणि नुसतं ताणणं या दोन्ही गटांना सरस, पण पडण्याच्या बाबतीत वजनांचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ठळक फरक नव्हता. हेही सांगायला हवं, लोक अर्धंच सांगतात. गुडघ्याच्या झिजेवर २०१६ चा बोस्टनचा अभ्यास, २०४ जण, बारा आठवडे. तिथे ताई ची आणि आमचं भौतिकोपचार बरोबरीत सुटले. मला जरा लागलं ते, पण आहे तसं आहे. मन उदास असण्यावर तर त्यांचं पारडं आमच्यापेक्षा जड.

काय होत नाही तेही सांगते. वजन फारसं उतरत नाही. दंडाची ताकद वाढत नाही. मधुमेह 'मुळापासून' जात नाही. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत, बाबांनो.

तांबडी_माती

गाव करवीर तालुक्यात, पंधरा वर्षं तालमीत घालवली आहेत, म्हणून बोलतो. वळचण ताई, दोघं समोरासमोर उभं राहून मनगटं टेकवून ढकलाढकली करतात, तो प्रकार मी एकदा पाहिला. बघता क्षणी म्हटलं, ही तर खडाखडी!

ज्यांनी कुस्ती जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी: डाव मारायच्या आधी पैलवान एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून चाचपत असतात. लांबून वाटतं नुसतं उभेच आहेत. खरं तर तिथंच कुस्ती ठरते. आमचे वस्ताद म्हणायचे, हात आवळलास की तुझा जोर त्याला कळला. हात मऊ ठेवलास की त्याचा तुला कळला. समोरच्यानं रेटा दिला की आपण रेटायचं नाही, बाजूला होऊन त्याच रेट्यावर त्याला घालायचा. कलाजंग काय, ढाक काय, त्याच्याच जोरावर बसते. फक्त आम्ही हे खुराक आणि हजार बैठका मारून शिकलो, तुमच्या आजी चहा पिऊन शिकवतात.

वळचण

@तांबडी_माती, अगदी तेच! त्याला 'थुई शोउ' म्हणतात, ढकलणारे हात. त्यांची जुनी म्हण आहे, 'चार औंसांनी हजार पौंड वळवावेत'. औंस-पौंड हे भाषांतर झालं, मूळची वजनं चिनी. तुमच्या वस्तादांचं वाक्य मी आजीला चिनीत सांगितलं असतं तर तिने बाटली पुढे केली असती.

माझा अनुभव सांगते. आजीने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नुसती ठेवली. मी पुढे रेटायला लागले की बोटं तिथेच, पण माणूस तिथे नसे. मी मागे आले की बोटं मागे. माशी बसल्यासारखं. आणि एकदम कळायचं की आपले दोन्ही पाय टाचांवर आलेत.

सिंधुसागर

हे सगळं मूळ आपलंच आहे. बौद्ध भिक्षू बोधिधर्म कांचीपुरमहून चीनला गेला, त्याने शाओलिन मठातल्या भिक्षूंना शिकवलं, तिथून सगळी मार्शल आर्ट निघाली. आपण विसरलो, त्यांनी जपलं.

जुनी_पोथी

@सिंधुसागर, तिसऱ्या प्रतिसादातच येईल वाटलं होतं, उशीर झाला.

बोधिधर्म शाओलिनमध्ये व्यायाम शिकवत होता ही कथा ज्या 'यीचिन चिंग' ग्रंथावर उभी आहे, तो १६२४ च्या सुमाराचा आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारभर वर्षांनी. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३० च्या दशकात ती कथा आणि वर दिलेली चांग सानफंगची कथा, दोन्ही मोडीत काढल्या. चिनी माणसाने स्वतःच्या देशातली लाडकी दंतकथा मोडली, हे लक्षात घ्या.

आणि कथा खरी धरली तरी तुमचं काम होत नाही. शाओलिन ही त्यांच्या हिशेबात 'बाहेरची' शाखा, ताई ची 'आतली'. 'आतली' हा शब्द पहिल्यांदा ठळकपणे येतो तो ह्वांग त्सोंगशी या विद्वानाने १६६९ मध्ये लिहिलेल्या एका समाधिलेखात, आणि तिथे तो शाओलिनच्या विरोधात वापरलाय. म्हणजे बोधिधर्म घेतलात तर नेमकी ताई ची हातची जाते.

सिंधुसागर

समाधिलेखच कशावरून खरा?

जुनी_पोथी

धागा ताई चीचा आहे. इथेच थांबतो.

मधली_सुट्टी

पॉपकॉर्न परत नेतो.

पारवा

वर शिंगयी आणि बाग्वाचं नाव आलंय. ते काय असतं? तेही हळू?

वळचण

@पारवा, नाही. शिंगयी तर सरळ रेघेत ठोकत जाणारी. पाच मूळ ठोसे, पंचतत्त्वांच्या नावाने: चिरणारा, गिरमिटासारखा घुसणारा, थेट फोडणारा, तोफेसारखा आणि आडवा. सुरुवातीला मात्र नुसतं एका पवित्र्यात उभं करतात, वजन मागच्या पायावर जास्त, एक हात पुढे. उभं राहा. अजून उभं राहा. शिंगयीतूनच आलेल्या वांग श्यांगचायने पुढे हे नुसतं उभं राहणंच मुख्य केलं.

बाग्वा गोलात चालण्याची. तोंग हायछ्वान (मृत्यू १८८२) याने बीजिंगला शिकवली. काल्पनिक वर्तुळाच्या कडेने चालायचं, धड आणि तळवे मध्याकडे वळवून, आणि मध्येच दिशा बदलायची. मी दोन महिने केली. देवळाला प्रदक्षिणा घालायची सवय असल्यामुळे चक्कर आली नाही, एवढंच माझं श्रेय.

आणि ताई ची हळूच असते हाही समज आहे. छन घराण्याच्या मूळ प्रकारात मध्येच पाय आपटतात, झटक्याने ठोसा सुटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकले होते.

ठाणेकर_अण्णा

वय ६८. रक्तदाब आहे, डावा गुडघा कुरकुरतो. व्हिडिओ पाहून पंधरा दिवस केलं. 'ढगांचे हात' नावाचा प्रकार छान वाटला पण गुडघा जास्त दुखू लागला. सोडून द्यावं का?

वळचण

अण्णा, सोडू नका, पण थांबा. माझ्या गुडघ्याची गोष्ट ऐका, शीर्षकातला तो हाच.

भारतात परत आल्यावर एका दोन दिवसांच्या शिबिराला गेले. कुठलं ते विचारू नका. शिकवणारे तरुण, हौशी, आणि 'जितकं खाली तितकं बळ' या मताचे. मी पण शांघायहून आल्याच्या तोऱ्यात होते, सगळ्यांपेक्षा खाली बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी भरलेल्या पायावर वळताना आतून 'कच्' झालं. तीन महिने जिना एक-एक पायरीने.

चूक साधी होती. पाऊल जमिनीला खिळलेलं, त्यावर सगळं वजन, आणि मी वळत होते गुडघ्यातून. गुडघा बिजागरी आहे, तो मागे-पुढे जातो. वळायचं खुब्यातून. ढगांच्या हातात नेमकं हेच चुकतं, कारण डोळे हातांवर असतात. जात्यात आपला हात खुंटा ओढतो आणि पाळू फिरते. इथे उलटं समजा: पाळू म्हणजे कंबर आपली आपण फिरते आणि खुंटा, म्हणजे हात, तिच्याबरोबर जातो. खाली बघा, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच हवा. आत कलंडला की थांबायचं.

ठिपक्यांची_चादर

+१. अण्णा, आधी गुडघा कुणाला तरी दाखवा. तोवर खाली बसायचं नाही, जवळजवळ ताठ उभे राहूनच करा. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे राहा, हात ओट्यावर. वजन डावीकडे, पूर्ण. मग उजवीकडे, पूर्ण. रिकामा पाय जमिनीवरून कागदभर उचलायचा. श्वास रोखायचा नाही, रक्तदाब आहे तुम्हाला. हात नंतर.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. आई ७४ वर्षांची, दरवर्षी थंडीत सहा महिने आमच्याकडे. इथल्या ज्येष्ठांच्या वर्गात तिला मी जबरदस्तीने घातलं. शिकवणारी बाई तैवानची, आईला इंग्रजी येत नाही, बाईला मराठी येत नाही, तरी दोघींचं जमतं. आईने सगळ्या प्रकारांना मराठी नावं ठेवलीत. 'सोनेरी कोंबडा एका पायावर' हा 'विठोबाचा कोंबडा', का ते माहीत नाही. रानटी घोड्याची आयाळ विंचरतात तो 'वेणीफणी'.

फरक विचाराल तर ती सांगत नाही, पण मी एक पाहिलं. पूर्वी परकर घालताना तिचा एक हात कायम कपाटावर असायचा. दोन वर्षांत कपाटाच्या त्या कडेवरचा तेलकट डाग गेलाय.

उभा_दावा

हा पुरावा मी मानतो.

ठाणेकर_अण्णा

तीन आठवड्यांनी परत आलो. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, सुरुवातीची झीज म्हणाले, व्यायाम चालू ठेवा म्हणाले. ओट्याजवळचं रोज करतो. काल सकाळी दूध तापत ठेवलं आणि हात सोडून एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, असं दूध वर येईपर्यंत केलं. एकदाही ओटा धरला नाही.

मधली_सुट्टी

अण्णा, दूध?

ठाणेकर_अण्णा

उतू गेलं.